मुक्काम पोस्ट बुशहर

स्मरणिकेतला संस्थेचा इतिहास म्हटला की पहिली बैठक कुणाच्या घरी झाली, घटना कधी मंजूर झाली, पहिल्या गणेशोत्सवाची वर्गणी किती जमली, असा मजकूर येतो. आपल्या मंडळाचा तसा इतिहास याच अंकात दुसरीकडे आहे. मी लिहितो आहे ती संस्था निराळी. ती आपल्या कितीतरी आधी बहरीनच्या जुफेरमध्ये येऊन गेली. तिचा कारभार एके काळी मुंबईहून चाले. तिच्यासाठी लढायला मुंबईच्या पलटणी यायच्या आणि त्यांत कोकणातले नि देशावरचे शिपाई असत. जागा बदलावी की नाही यावर तिच्यात जेवढा काथ्याकूट झाला, तेवढा आपल्या हॉलच्या भाड्यावरूनही अजून झालेला नाही. ती संस्था म्हणजे इराणी आखातातली ब्रिटिश रेसिडेन्सी.

रेसिडेंट म्हटले की मराठी माणसाला संगमावरचा एल्फिन्स्टन आठवतो: दरबारात इंग्रजांचा वकील आणि बघता बघता दरबाराला डोईजड. आखातातल्या रेसिडेंटचे दुखणे वेगळे होते. पुण्याच्या रेसिडेंटला ज्याच्यावर नजर ठेवायची तो पेशवा मैल-दीड मैलावर शनिवारवाड्यात होता. आखाताचा रेसिडेंट राहायचा बुशहरला, इराणच्या किनाऱ्यावर, शाहाच्या मुलखात. त्याचे खरे काम मात्र समोरच्या अरबी किनाऱ्यावर, बहरीन, अबू धाबी, दुबई, शारजा इथल्या शेखांशी. बिऱ्हाड एकाच्या दारात आणि संसार दुसऱ्याचा, मधे समुद्र. हे बिऱ्हाड हलवावे का, आणि हलवायचे तर कुठे, हा प्रश्न या कचेरीच्या जन्मापासून तिच्या पाठीला लागलेला होता. मी जे काही वाचले त्यावरून माझे मत असे झाले आहे की जागेचा वाद हा बहुतेक वेळा जागेचा नव्हताच. ही कचेरी नेमकी कुणाची आणि तिचा खर्च कुणाच्या खिशातून, हा खरा वाद होता. हवापाणी, बंदर, अब्रू ही त्यावरची पांघरुणे.

मुळात बुशहरला येणे हेच एक स्थलांतर होते. ईस्ट इंडिया कंपनीची इराणमधली जुनी वखार बंदर अब्बासला. १७५९ मध्ये फ्रेंचांनी ती उद्ध्वस्त केली, आणि नादिरशाहाच्या खुनानंतर माजलेल्या बेबंदशाहीत तिथे व्यापारही उरला नव्हता. तेव्हा कंपनीने उत्तरेकडची बंदरे धुंडाळली आणि १७६३ मध्ये बुशहरच्या शेखाशी करार केला. त्याच उन्हाळ्यात इराणचा तेव्हाचा सत्ताधीश करीमखान झंद याने फर्मान देऊन वखारीला जागा आणि सवलती दिल्या. आपल्याकडे राक्षसभुवनची लढाई झाली ते हेच वर्ष. मुंबईच्या गव्हर्नर आणि कौन्सिलपुढे एकीकडे पेशव्यांचे कागद आणि दुसरीकडे करीमखानाचे, असा तो काळ होता.

सहाच वर्षांत बिनसले. खार्ग बेटावरच्या मीर मुहन्ना नावाच्या धटिंगणाला हुसकावायला कंपनीने आरमार द्यावे असे करीमखानाला वाटे. कंपनीने थोडा प्रयत्न केला, तो फसला, आणि १७६९ मध्ये बुशहरची वखार बंद करून सगळा बाडबिस्तरा बसऱ्याला हलवला गेला. मग १७७५ मध्ये इराणी फौजांनी बसऱ्यालाच वेढा घातला आणि कंपनीला पुन्हा बुशहर आठवले. मुंबईचे कौन्सिल तेव्हा राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवण्याच्या उद्योगात आकंठ बुडालेले होते. सुरतेचा तह त्याच वर्षीचा. आखाताकडे लक्ष द्यायला कुणाला सवड होती? बुशहरला परत येण्यामागे मोठे धोरण शोधायला जाऊ नये. बसरा गेले, म्हणून बुशहर.

बेटाची कल्पना जॉन माल्कमची. हाच तो माल्कम, ज्याच्या स्वाधीन दुसरा बाजीराव १८१८ मध्ये झाला आणि जो पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. १८०० सालापासून तो तीनदा इराणला वकील म्हणून गेला. तिथल्या लोकांना बटाटा त्याने दिला असे सांगतात. काही काळ तिकडे बटाट्याला माल्कमचे आलुबुखार म्हणत. माल्कमचे म्हणणे सरळ होते. शाहाच्या जमिनीवर कचेरी असली की शाहाचा सुभेदार हवी तेव्हा आपली रसद तोडणार. त्यापेक्षा समोरचे खार्ग बेट घ्या, तिथे फौज ठेवा, मग बोलणी करा. १८०८ मध्ये फ्रेंच वकील तेहरानला मान मिळवून बसले तेव्हा मुंबईत त्यासाठी फौजेची जुळवाजुळवही सुरू झाली. फ्रेंचांचे पारडे हलके झाले आणि बेत बारगळला. पण बेटाचा विचार कागदोपत्री एकदा शिरला तो शंभर-सव्वाशे वर्षे निघालाच नाही.

त्याची पहिली परीक्षा एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत झाली. १८१९ च्या नोव्हेंबरात जनरल विल्यम ग्रँट कीरच्या हाताखाली मुंबईहून मोठी मोहीम निघाली, रास अल-खैमाचा किल्ला पडला, आणि १८२० च्या जानेवारीत किनाऱ्यावरच्या शेखांशी सर्वसाधारण तह झाला. एल्फिन्स्टन नुकताच मुंबईचा गव्हर्नर झाला होता. जिंकलेले राखायला आखाताच्या तोंडाशी एक ठाणे हवे असे ठरले आणि रास अल-खैमातली शिबंदी किश्म बेटावर नेली गेली. इराणने लगेच हरकत घेतली: बेट आमचे, तुम्ही कोण? त्या शिबंदीचा प्रमुख कॅप्टन थॉम्पसन त्याच वर्षी ओमानच्या आतल्या भागात बनी बू अली जमातीवर चालून गेला आणि त्याच्या पलटणीची दाणादाण उडाली. मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीचे शेकडो शिपाई त्या वाळवंटात पडले. पुढच्या वर्षी मुंबईने सूड म्हणून दुसरी मोहीम पाठवली, ती सरशी करून आली. पण मेलेल्यांत रत्नागिरीचे किती, साताऱ्याचे किती, हे कुणी मांडून ठेवलेले माझ्या वाचनात नाही. अधिकाऱ्यांची नावे मात्र सगळी छापील आहेत.

किश्मवर उरलेली फौज उन्हाने आणि तापाने झिजली. १८२३ पर्यंत ती काढून घेतली गेली. मागे उरले ते बासिदूचे आरमारी ठाणे, तेही पुढे रडतखडत १८७९ पर्यंत.

याच सुमारास बुशहरच्या जागेतली खरी खोट उघडी पडली. १८२२ च्या ऑगस्टमध्ये रेसिडेंट विल्यम ब्रूस शिराझला गेला आणि तिथल्या शाहजाद्याशी करार करून बसला. त्यात बहरीन इराणचे आहे हे त्याने मान्य केले होते. मुंबई सरकारने करार झिडकारला आणि ब्रूसला काढून टाकले. इराणने मात्र तो कागद जपून ठेवला आणि पुढे शंभर वर्षे वेळोवेळी पुढे केला. ब्रूस मूर्ख नव्हता. बुशहरला अनेक वर्षे काढलेल्या माणसाला शिराझचा शाहजादा जवळचा वाटतो आणि समुद्रापलीकडचे बहरीन दूरचे, यात नवल नाही. कचेरी कुठे आहे त्यावर कचेरीतल्या माणसाला जग कसे दिसते हे ठरते. त्याच वर्षी हुद्द्याचे नाव बदलून ‘बुशहरचा रेसिडेंट’ याचा ‘इराणी आखाताचा रेसिडेंट’ झाला. नाव आखाताचे झाले, पत्ता बुशहरचाच राहिला.

रेसिडेन्सी एकदा बेटावर खरोखर गेली होती. इराणी फौजांनी अफगाणांच्या हेरातला वेढा घातला, तो उठवण्यासाठी दबाव म्हणून १८३८ च्या जूनमध्ये मुंबईहून फौज पाठवून खार्ग ताब्यात घेतले गेले. पुढच्या मार्चमध्ये अ‍ॅडमिरल मेटलंड ‘वेलस्ली’ जहाज घेऊन बुशहरला आला. हे जहाज मुंबईच्या गोदीत वाडियांच्या हाताखाली सागवानात बांधलेले, आणि मेटलंड म्हणजे ज्याच्या जहाजावर नेपोलियन शरण आला तो. बंदरावर त्याच्या माणसांची आणि गावकऱ्यांची जुंपली, गोष्ट हातघाईवर आली, आणि रेसिडेंट सॅम्युएल हेनेल कचेरी, पहारा आणि दफ्तर घेऊन खार्गला निघून गेला.

आता माल्कमचे स्वप्न पुरे झाले म्हणावे, तर तसे झाले नाही. बेट घेणे सोपे होते, त्यावर राहणे महाग. धान्य आणि गुरे आणायची ती समोरच्याच इराणी किनाऱ्यावरून. व्यापारी बुशहरलाच राहिले. बातमी बुशहरला पिकायची आणि शिळी होऊन खार्गला पोचायची. बेट कायमचे ठेवावे म्हणणारे होते, पण अफगाण युद्धाने कलकत्त्याची तिजोरी आधीच पोखरली होती. १८४१ मध्ये इराणशी व्यापारी तह झाला, १८४२ मध्ये खार्ग रिकामे केले गेले आणि रेसिडेंट गुपचूप जुन्या जागी येऊन बसला. ज्यांना स्थलांतर नको होते त्यांच्या हाती हा चांगला दाखला लागला. पुढे कुणी बेटाचे नाव काढले की खार्गचा हिशेब पुढे यायचा.

१८५६ मध्ये हेरातवरूनच पुन्हा युद्ध पेटले. ४ डिसेंबरला खार्ग, १० डिसेंबरला बुशहर, अशी मुंबईच्या फौजेने दोन्ही ठिकाणे आठवड्यात घेतली. पाठोपाठ सेनापती म्हणून आला जेम्स औट्रम, खानदेशात भिल्ल पलटण उभी करणारा. आता बुशहर पूर्णपणे इंग्रजांच्या हातात होते. हवे तर ठेवून घेता आले असते. १८५७ च्या मार्चमध्ये पॅरिसला तह झाला आणि ते सोडून दिले गेले. मे महिन्यात मेरठला भडका उडाला तेव्हा हीच फौज हिंदुस्थानात हवी होती.

त्यानंतरचा मोठा वाद लुइस पेलीचा. हा १८६२ ते १८७२ रेसिडेंट होता आणि मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रियर त्याचा पाठीराखा. पेलीला बुशहर म्हणजे आखाताचे मागचे दार वाटे. ठाणे हवे ते तोंडाशी, मुसंदमच्या भूशिराजवळ. तिथे इंग्रजी वसाहत करा, मुक्त बंदर करा, व्यापार आपोआप येईल. नकाशावर हे चोख दिसते. मुसंदम म्हणजे होर्मुझची सामुद्रधुनी, आजही साऱ्या जगाचा जीव तिथे टांगलेला असतो. पण नकाशात उष्मा दिसत नाही. १८६४ मध्ये हिंदुस्थान-युरोप तारेची केबल आखातातून टाकली तेव्हा तिचे एक ठाणे मुसंदमच्याच एका चिंचोळ्या खाडीतल्या खडकावर केले होते. त्या खाडीला इंग्रजी नकाशात एल्फिन्स्टनचे नाव आहे. तिन्ही बाजूंना उंच कातळ, वाऱ्याची झुळूक नाही, पाणी बाहेरून आणायचे. काही वर्षांतच तारखाते तिथून उठून हेंगाम बेटावर गेले. पेलीची योजना कागदावर राहिली यात मला तरी वाईट वाटत नाही.

१८७३ मध्ये मात्र एक स्थलांतर झाले, ते कचेरीचे नव्हे, तिच्या मालकीचे. रेसिडेन्सी मुंबई सरकारच्या हातून काढून थेट हिंदुस्थान सरकारकडे, म्हणजे कलकत्त्याकडे दिली गेली. मुंबईचा संबंध तेवढ्याने तुटला नाही. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या टपालबोटी १८६२ पासून मुंबईहून आखातात जात, त्यांच्यावर कोकणातले खलाशी. बुशहरला १८६४ पासून हिंदी टपालकचेरी होती. बहरीनमध्ये ती १८८४ मध्ये निघाली, बुशहरच्या हाताखालची म्हणून. आखातातला मोती विकला जायचा मुंबईच्या बाजारात आणि शेखांच्या हातात पैसा खुळखुळायचा तो रुपया.

दरम्यान १८७८ पासून रेसिडेंटच्या डोक्यावर दुसरी टोपी चढली. तो फार्स प्रांतासाठी ब्रिटिश कॉन्सल-जनरलही झाला. रेसिडेंट म्हणून तो कलकत्त्याला उत्तर देणार, कॉन्सल म्हणून तेहरानच्या वकिलातीला आणि लंडनच्या परराष्ट्र खात्याला. कचेरी हलवायची म्हटले की आता दोन मालकांची संमती हवी. एकाला अरबी किनारा महत्त्वाचा, दुसऱ्याला तेहरानच्या दरबारातली मर्जी. रेसिडेंटला बुशहरला अडकवून ठेवणारी खरी दोरी ही होती.

खर्चाची कुरबुरही होतीच. हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात साम्राज्याचा खर्च कसा वाटावा हे ठरवायला वेल्बी कमिशन बसले, दादाभाई नौरोजी त्याचे सभासद होते. १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले आणि दिनशा वाच्छा यांनी लंडनला जाऊन त्याच्यापुढे साक्ष दिली. हिंदुस्थानच्या रयतेचा पैसा सरहद्दीबाहेरच्या उठाठेवींवर का उडवता, हा सूर सगळ्या हिंदी साक्षीदारांचा. कमिशनच्या अहवालानंतर इराणमधल्या वकिलाती आणि कॉन्सलकचेऱ्यांचा खर्च दोन्ही सरकारांत निम्मा-निम्मा झाला. गोखल्यांच्या पदरात फार पडले असे नाही. तरी बुशहरच्या कचेरीचे बिल कोण भरतो, हा प्रश्न पुण्याच्या प्राध्यापकाने जिथे विचारला जाऊ शकत होता त्या दालनापर्यंत नेला, हे नोंदवून ठेवायला हवे.

राहायला बुशहर कसे होते? गाव एका चिंचोळ्या जमिनीच्या टोकाशी. समुद्र इतका उथळ की आगबोट काही मैल बाहेर नांगर टाकायची आणि माणसे-सामान पडावांतून किनाऱ्याला यायचे. शमाल वारा सुटला की दिवसदिवस उतरता येत नसे. पिण्याचे पाणी गावाबाहेरच्या विहिरींवरून गाढवांवर यायचे. रेसिडेन्सीची जुनी इमारत गावात, समुद्राच्या काठी. उन्हाळ्यासाठी काही मैलांवर सब्जाबादला दुसरे घर. पुढे पुढे रेसिडेंट तिथेच राहू लागला. पहाऱ्याला हिंदी पायदळ, सोबतीला सवार, दफ्तरात मुनशी, दवाखान्यात सर्जन, समुद्रात स्वतःची आगबोट ‘लॉरेन्स’. इतका जामानिमा, पण अंगणाबाहेर पाऊल टाकले की जकातीच्या नाक्यावर इराणी अंमलदार.

ही अडचण साऱ्या जगाला दिसली ती १९०३ मध्ये. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन आखाताच्या दौऱ्यावर निघाला होता. मस्कत, शारजा, बहरीन, कुवेत, सगळीकडे तोफा, दरबार, भाषणे. शारजाच्या समुद्रात शेखांना जहाजावर बोलावून त्याने इंग्रजांच्या उपकारांचा पाढा वाचला. दौऱ्याचा कळस व्हायचा होता बुशहरला, रेसिडेन्सीच्या स्वतःच्या दारात. ठरले होते असे की फार्सच्या गव्हर्नर-जनरलने रेसिडेन्सीत येऊन आधी व्हाइसरॉयची भेट घ्यायची. ऐन वेळी तेहरानहून आडकाठी आली. आधी भेट कुणी द्यायची यावर घोडे अडले. शाहाचा सुभेदार शाहाच्याच भूमीवर परक्याच्या दारी का जाईल, हा त्यांचा मुद्दा. गुलाम म्हणून नव्हे तर बादशहाचा प्रतिनिधी म्हणून आलो आहे, मी कसा वाकू, हा कर्झनचा. बंदराबाहेर ‘हार्डिंज’ जहाज नांगरून पडलेले, त्यावर तेहरानहून आलेला ब्रिटिश वकील, किनारा आणि जहाज यांच्यामध्ये निरोपांच्या होड्या. किनाऱ्यावर कमानी, सजावट, ताटकळलेली गर्दी. शेवटी कर्झन पायही न टाकता परत फिरला. हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयला स्वतःच्याच रेसिडेन्सीत जाता आले नाही! बुशहरच्या विरोधात इतका बिनतोड युक्तिवाद पेलीलाही कधी सुचला नव्हता.

तरीही कचेरी हलली नाही, कारण पुढच्याच वर्षी तिथे पर्सी कॉक्स आला. उमेदवारीच्या काळात कोल्हापूर आणि सावंतवाडी संस्थानांत कारकुनी-कारभार शिकलेला हा अधिकारी १९०४ पासून रेसिडेन्सीत असा काही रुतला की जागेचा प्रश्न गौण ठरला. संस्थानिकाला न दुखवता आपले म्हणणे त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचे, ही विद्या तो सावंतवाडीत शिकला असेल असे मला उगाच वाटते. पहिल्या महायुद्धात जर्मन हस्तक वास्मुसच्या चिथावणीने तंगिस्तानी टोळ्या १९१५ च्या जुलैमध्ये रेसिडेन्सीवर चालून आल्या, दोन इंग्रज अधिकारी मारले गेले. ऑगस्टमध्ये इंग्रजांनी गावच ताब्यात घेतले आणि इराणी तिकिटांवर आपला शिक्का मारून ती चालवली. ऑक्टोबरात गाव परत केले. ती तिकिटे संग्राहकांच्या बाजारात आज चांगली महाग आहेत.

वादाचा शेवटचा आणि सर्वांत लांबलेला अंक इराणच्या रझाशाहाच्या काळातला. १९२७ मध्ये इराणने बहरीनवरचा हक्क राष्ट्रसंघापुढे मांडला. १९२८ च्या मेमध्ये परकीयांना मिळालेल्या न्यायालयीन सवलती रद्द केल्या. आता रेसिडेंटचा पहारा, झेंडा, तारायंत्र, साऱ्यांवर प्रश्नचिन्ह. तेहरानला मंत्री तैमूरताश आणि ब्रिटिश वकील क्लाइव्ह यांच्यात मोठ्या तहाची बोलणी चालू होती. लंडनमध्ये साम्राज्य संरक्षण समितीच्या आखात उपसमितीपुढे १९२८-२९ मध्ये रेसिडेन्सी अरबी बाजूला न्यावी का, हा विषय रीतसर आला.

हलवा म्हणणाऱ्यांचे मुद्दे कर्झनच्या वेळेपासून तयारच होते. काम सगळे अरबी किनाऱ्यावर, मग मुक्काम इराणात का? एखाद्या इराणी पोलिसाने रेसिडेंटची गाडी अडवली तरी ती बातमी चार दिवसांत दुबईच्या बाजारात जाते. नको म्हणणाऱ्यांचाही पक्ष लेचापेचा नव्हता. एवढ्या पिढ्यांचे ठाणे सोडले तर सारा किनारा म्हणणार इंग्रज पळाले. आणि जायचे कुठे? बहरीनला गेलो तर इराणच्या हक्काला हातानेच खाजवून खरूज आणल्यासारखे. बहरीनमध्ये १९०० पासून वेगळा राजकीय एजंट होता आणि १९२६ पासून शेखांचा सल्लागार म्हणून चार्ल्स बेलग्रेव्ह. त्या चिमुकल्या बेटावर तिसरा साहेब बसवला तर शेखाला श्वास घ्यायला जागा कुठे राहणार? शिवाय बहरीनची हवा. बुशहरच्या उन्हात निदान सब्जाबादचा वारा होता. मनामाचा ऑगस्ट आपण सगळे जाणतो. वातानुकूलन नसताना त्या दमट उकाड्यात फायली वाचायच्या म्हणजे कागदही घामाने भिजणार.

समित्या बसत होत्या तोवर जमीन पायाखालून सरकत होती. १९३२ च्या मध्यावर बहरीनमध्ये तेल लागले. त्याच जुलैमध्ये रेसिडेंट ह्यू बिस्को शारजाच्या विमानतळाची बोलणी करायच्या दौऱ्यावर समुद्रातच वारला. ऑक्टोबरात इंपीरियल एअरवेजचा हवाई मार्ग इराणी किनाऱ्यावरून उचलून कुवेत, बहरीन, शारजा असा वळवला गेला. १९३३ मध्ये बासिदूच्या जुन्या ठाण्यावर अजून फडकणारा ब्रिटिश झेंडा एका इराणी आरमारी अधिकाऱ्याने खाली उतरवला. १९३५ च्या एप्रिलमध्ये हेंगामचे आरमारी ठाणे उठून जुफेरला आले. विमाने आली, जहाजे आली, तेल तर इथलेच. उरला एकटा रेसिडेंट, पलीकडच्या किनाऱ्यावर. इराणची नवी रेल्वेही बुशहरला वगळून दुसऱ्याच बंदराला निघाली होती, तेव्हा व्यापाराचे निमित्तही संपले.

तत्त्वतः स्थलांतर तेव्हा मान्य झालेलेच होते. मग घोंगडे का भिजत पडले? बांधकामाच्या बिलापायी. नवी रेसिडेन्सी बांधायची तर पैसे दिल्लीने द्यायचे की लंडनने? दिल्लीचे म्हणणे, हे साम्राज्याचे काम आहे. लंडनच्या खजिन्याचे म्हणणे, आखात ही हिंदुस्थानची वेस आहे, वेशीचा दरवाजा घरमालकाने बांधावा. रेसिडेंट फाउल हिवाळ्यात अरबी किनाऱ्यावर फिरायचा आणि उरलेले दिवस बुशहरहून पत्रे लिहायचा. तेवढ्यात दुसरे महायुद्ध आले आणि प्रश्न पुन्हा पुढे ढकलला गेला. १९४१ मध्ये इंग्रज-रशियन फौजा इराणात शिरल्या, रझाशाहा गेला, आणि बुशहरला राहण्यातली टोचणी काही काळ बोथट झाली.

शेवटी १९४६ मध्ये रेसिडेन्सी जुफेरला आली. ‘रुपर्ट हे’ या नावाचा रेसिडेंट, दफ्तराच्या पेट्या, आणि आरमारी ठाण्याच्या आवारातली जागा. ज्या गोष्टीवर शंभर-सव्वाशे वर्षे टिपणे लिहिली गेली ती घडली तेव्हा फारसे कुणी लक्षही दिले नाही. आणि गंमत पाहा: ज्या हिंदुस्थान सरकारची म्हणून ही कचेरी हलवली ते सरकार जेमतेम वर्षभराने राहिलेच नाही. १९४७ च्या ऑगस्टनंतर कचेरीचा मालक कोण, हे लंडनला नव्याने ठरवावे लागले आणि १९४८ मध्ये ती ब्रिटिश परराष्ट्र खात्याकडे गेली. रुपया आणि मुंबईच्या आगबोटी मात्र त्यानंतरही बरीच वर्षे आखातात चालत राहिल्या.

कागदांचीही वाटणी झाली. रेसिडेन्सीचे बरेच दफ्तर लंडनला गेले. १८७३ पूर्वीचा मुंबई सरकारशी झालेला पत्रव्यवहार मुंबईत काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात आहे. सुट्टीत गावी जाताना मंडळाच्या तरुण सभासदांनी तिथे दोन दिवस काढावेत. बहरीनचा जुना इतिहास वाचायला मराठी माणसाला लंडन गाठायची गरज नाही.

रेसिडेन्सी बहरीनला नेली तर इराण काय म्हणेल, हा फायलींमधला आक्षेप तिच्या स्थलांतरानंतरही जिवंतच होता. इराण बहरीनला आपला प्रांत म्हणतच राहिला. १९७० मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसांचा प्रतिनिधी बेटावर येऊन लोकांचा कल पाहून गेला: लोकांना स्वातंत्र्य हवे होते. इराणने ते मान्य केले आणि मे महिन्यात तिथल्या संसदेने हक्क सोडला. पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला बहरीन स्वतंत्र झाले आणि डिसेंबरात जुफेरच्या रेसिडेन्सीला कुलूप लागले.